बिरूमामाचा फोन

आजोळच्या घरात ती चित्रफीत लावली की मी उठून स्वयंपाकघरात जाते. तिथे काही काम नसलं तरी जाते. हंड्यावरचं झाकण काढते, पाणी किती आहे ते बघते, परत झाकण ठेवते. बाहेर हसणं सुरू होतं, मग टाळ्या, मग फोनमधून आलेला दादामामांचा तो जुना चढा आवाज, "हॅलो, मी ज्ञानदेव बोलतोय, माजी सरपंच," आणि पुन्हा हसणं. बारसं असो, साखरपुडा असो, जेवणं उरकली की कोणीतरी मोबाइल काढतंच. घरातल्या लहान पोरांनाही ते सगळं तोंडपाठ झालंय. आमच्या अख्ख्या गोतावळ्यात टीव्हीवर गेलेला माणूस एकच, माझा धाकटा मामा बिरू, आणि त्याची आठवण काढायची म्हणून सगळे आठवतात ते त्याच्या थोरल्या भावाचं फोनवरचं बोलणं. मला याचा राग येतो. तीसेक वर्षं झाली, येतोच आहे. वय वाढलं की माणूस निवतो म्हणतात, पण माझी पंचेचाळिशी जवळ आली, गुडघे बोलायला लागले, तरी हा राग काही निवला नाही. म्हणून एकदा सगळं जसं झालं तसं लिहून ठेवते. वाचून कोणाला वाईट वाटलं तर वाटू दे.

आमच्या गावात सातवीनंतर शाळा नव्हती, म्हणून आईने मला आठवीला तिच्या माहेरी ठेवलं. वडवणीच्या शाळेपासून चालत अर्ध्या तासावर आजोळची वाडी. घर दादामामांचं, म्हणजे होतं दोघा भावांचं, पण बोलताना सगळे दादामामांचंच म्हणत. दादामामा शेती बघायचे आणि राजकारण करायचे. एकदा सरपंच होऊन गेले होते आणि त्यानंतर जे काही करायचं ते पुढच्या निवडणुकीसाठी, असा त्यांचा हिशेब होता. घरातली मोठी खोली त्यांची. तिथे टीव्ही, तिथेच फोन, आणि फोनवर थोरल्या मामींनी विणलेला जाळीचा रुमाल. फोनला हात लावायची कोणाची टाप नव्हती. घंटा वाजली की दादामामा शेतात असले तरी त्यांना हाक मारायची, ते येऊन पाय धुवून, टोपी नीट करून मग रिसिव्हर उचलायचे. तोवर समोरचा कंटाळून ठेवून द्यायचा. मग दादामामा म्हणायचे, "बगा, लोकांला दम न्हाई."

बिरूमामा मेंढरांचा. चौथी झाल्यावर त्याला मेंढरांमागे लावलं तो तिथेच राहिला. लग्न झालं नाही, का झालं नाही हे मला कोणी नीट सांगितलं नाही. दिवाळी झाली की तो कळप घेऊन निघायचा, आष्टीच्या बाजूने खाली सोलापूरकडे उतरायचा आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परत यायचा. पावसाळाभर मेंढरं वाडीच्या माळावर असायची आणि ते चार महिने माझे आनंदाचे. मामाच्या खांद्याला कापडी पिशवीत रेडिओ असायचा. सकाळच्या बातम्यांपासून शेतकऱ्यांच्या कार्यक्रमापर्यंत, मध्ये मराठी, हिंदी, कानडी, जे स्टेशन सापडेल ते. त्याला कानडी कळत नव्हतं, तरी ऐकायचा. देशोदेशीच्या राजधान्या, कोणत्या धातूचं काय होतं, क्रिकेटचे आकडे, कापसाचे भाव, सगळं त्याच्या डोक्यात बसलेलं. तो बोलताना मध्येच थांबून विचारायचा, "सुने, जगातलं समद्यात खोल सरोवर कोनचं?" मी डोकं खाजवत बसले की तो मेंढीच्या दुधाचा चहा ओतत म्हणायचा, "बैकाल. ध्यानात ठिव." मी ठेवायची. दहावीपर्यंतचा माझा अर्धा भूगोल मी त्या माळावर शिकले आहे. पुस्तकातला भूगोल शिकवणारे सर फार तर नकाशा टांगून खुर्चीत बसायचे.

रेडिओ बिघडला की तो स्वतःच उघडायचा. चुलीत सळई तापवून डाग द्यायचा. हळूहळू वाडीतले सगळे रेडिओ त्याच्याकडे यायला लागले, मग टेपरेकॉर्डर, मग एकदा कोणाचा तरी टीव्हीसुद्धा. पैसे मागायचा नाही, कोणी शेंगदाणे आणून द्यायचं, कोणी येसर मसाल्याची पुडी. थोरल्या मामी त्या येसराची आमटी करायच्या आणि बाजरीची भाकर कुस्करून आम्ही दोघं खायचो, तेव्हा त्या म्हणायच्या, "भावजी, तुमी मेंढरं सोडा आन हेच करा." हे त्या गमतीने म्हणत, पण मामाने ते मनावर घेतलं होतं. त्याला कारणही होतं. माझ्या नववीच्या वर्षी एक एडका त्याच्या खुब्यावर धडकला होता. तो लंगडायला लागला, पहिल्यांदा थोडा, मग चांगलाच. बीडच्या डॉक्टरांनी सांगितलं की चालणं कमी करा, नाहीतर सांधा जाईल. मेंढरांमागच्या माणसाला चालू नको म्हणायचं म्हणजे काय, हे डॉक्टरांना कोण सांगणार. पण मामाने वडवणीच्या स्टँडजवळ एक गाळा बघून ठेवला होता. दहा बाय दहाचा, पुढे पत्रा, आत एक विजेचा बोर्ड. गाळ्याचा मालक शिंपी होता. तो म्हणाला, दिवाळीपर्यंत थांबतो, त्यापुढं नाही. दादामामांना विचारलं तर ते म्हणाले, "निवडणूक होऊ दे, मग बगू." म्हणजे नाहीच.

तो प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम तेव्हा नुकताच सुरू झाला होता. संध्याकाळी आठाला. एक सूटवाला माणूस प्रश्न विचारायचा, चार पर्याय द्यायचा, आणि पुढच्या पुढच्या टप्प्याला बक्षीस वाढत जायचं. मामा दाराच्या उंबऱ्याशी बसून बघायचा आणि त्या माणसाचं बोलणं संपायच्या आत उत्तर सांगून मोकळा व्हायचा. दादामामा वैतागायचे. "कावून बडबड करतो बे, ऐकू दे की." गाळ्याचे पैसे यातून निघतील म्हणून मामाने मग त्या कार्यक्रमाला कार्डं टाकायला सुरुवात केली. कळप ज्या गावाला असेल तिथल्या पोस्टातून एक कार्ड. अशी किती टाकली देव जाणे. मी दहावीत गेले त्या पावसाळ्यात त्याला पुण्याला चाचणीला बोलावलं, तिथे तो निवडला गेला, आणि मग मुंबईचं पत्र आलं. पत्राबरोबर एक फॉर्म होता. खेळताना एकदा मदतीसाठी घरी फोन करता येतो, पंचेचाळीस सेकंदांचा, तर कोणाला करणार त्याचं नाव आणि नंबर लिहा. मामाने माझ्याकडून फॉर्म लिहून घेतला. नावाच्या जागी मी आपोआप दादामामांचं नाव लिहायला लागले, तर त्याने माझा हात धरला. "तुजं लिही. सुनीता. नातं, भाची."

"मामा, दादामामा काय म्हणतील?"

"काय म्हणायलेत? प्रश्न पुस्तकातला आला तर दादा सांगनारेत का?"

त्या कागदावर स्वतःचं नाव लिहिताना मला काय वाटलं ते आजही सांगता येतं. फार बरं वाटलं. त्या घरात माझं नाव कोणी कशासाठी घेतलंच तर ते पाणी आण, शेळी बांध यासाठी. आणि हा माणूस मुंबईच्या लोकांना लिहून देत होता की मला काही अडलं तर मी हिला विचारीन.

चित्रीकरणाच्या दिवशी दुपारी बारापासून फोन मोकळा ठेवायचा, ज्याचं नाव दिलंय त्याने जवळ बसायचं, असं कळवलेलं होतं. मी शाळेला दांडी मारली. वेणी घातली, चांगला फ्रॉक घातला, जणू काही फोनमधून मी कोणाला दिसणारच होते, आणि भूगोल, विज्ञान, सामान्यज्ञान अशी तीन पुस्तकं मांडीवर घेऊन बसले. दादामामाही बसले. नवी टोपी, इस्त्रीचा सदरा. शेजारी थोरल्या मामी, दारात निम्मी वाडी. एकाच्या सुमारास पहिली घंटा वाजली. दादामामांनी दोन घंटा जाऊ दिल्या आणि उचलला. ती नुसती तपासणी होती. एक बाई विचारत होती, सुनीता आहेत का? दादामामा म्हणाले, "हाय ना. पोरगी हाय घरात. पर मी थोरला हाय, काय आसंल ते मला सांगा." बाईने काहीतरी सांगितलं. दादामामा हो हो म्हणाले आणि ठेवला. मी म्हटलं, "दादामामा, पुन्हा आला की मला द्यायचाय, नाव माझं दिलंय." ते म्हणाले, "देतो की. आदी मला राम राम तर घालू दे. मुंबईचा मानूस पयल्यांदा आपल्या घरी बोलायलाय, पोरीच्या हातात कसा देऊ?" आणि मला ते पटलं. आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मला ते बरोबरच वाटलं. त्या घरात पाहुणा आला की पहिल्यांदा थोरल्याशी बोलणार, तांब्या थोरल्याच्या पुढे येणार, हे ठरलेलं होतं. फोन हासुद्धा एक पाहुणाच होता.

तीन वाजता खरा फोन आला. दादामामांनी उचलला आणि छाती भरून म्हणाले, "हॅलो, मी ज्ञानदेव बोलतोय, माजी सरपंच." मग सूटवाल्याला राम राम झाला. मग आपल्या वाडीचं नाव, तालुका, जिल्हा. फोनमधला आवाज इतका मोठा होता की मला हातभर अंतरावरून ऐकू येत होता. सूटवाला म्हणाला, तुमचे बंधू आता तुम्हाला प्रश्न सांगतील, वेळ सुरू होतेय. आणि मामाचा आवाज आला, घाईघाईचा, "दादा, सुनीला द्या." दादामामा म्हणाले, "हाय, हितंच हाय ती. तू जेवलास का?" मामा म्हणाला, "जेवलो. दादा, सुनीला..." "तिकडं पाऊस हाय का? हितं कालपासून उघडीप हाय. वाडीतले समदे आलेत बग, पाटील बी आलेत, दत्तू बी आलाय..." मी हात पुढे केलेला. खरोखर पुढे केलेला, रिसिव्हरपासून चार बोटांवर. थोरल्या मामींनी माझं मनगट धरून हात खाली घेतला, आणि डोळ्यांनी सांगितलं, थांब. मग मामाने प्रश्न सांगायला सुरुवात केली, एका दमात. "दादा, सीना नदी कोणत्या नदीला मिळते, गोदावरी, भीमा, कृष्णा, मांजरा."

मला उत्तर येत होतं. पुस्तक उघडायचीसुद्धा गरज नव्हती. भीमा. मी तोंडातल्या तोंडात म्हटलं, "भीमा." मग थोडं मोठ्याने म्हटलं, "भीमा, दादामामा." पण ते मोठ्याने म्हणजे किती, तर माझ्या मलाच ऐकू गेलं असेल. दादामामा हसत होते. त्यांना वाटलं, किती सोपा प्रश्न आलाय. "अरं, त्याला काय इचारायचं? सिंदफना गोदावरीला, वाण गोदावरीला. आपल्या बीड जिल्ह्याचं समदं पानी गोदावरीलाच जातंय. गोदावरी सांग. डोळे झाकून सांग." आणि फोन तुटला. दादामामांनी रिसिव्हर ठेवला, त्यावर रुमाल नीट पसरला आणि दाराकडे बघितलं. दारातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाटील म्हणाले, "वा सरपंच, एका झटक्यात!" मी मामींच्या कानाशी म्हटलं, "मामी, भीमा होतं." त्या म्हणाल्या, "गप बस आता. झालं ना." आणि चहा टाकायला गेल्या.

मामा दोन दिवसांनी परत आला. हातात खोकं, खोक्यात भिंतीवरचं घड्याळ. चुकलेल्या माणसाला कार्यक्रमवाले जाण्यायेण्याचं भाडं आणि ते घड्याळ देत. विचारेल त्याला मामा म्हणायचा, "प्रश्न आवघड हुता," एवढंच. मला तर त्याने त्याविषयी विचारलंही नाही, तू का नाही बोललीस म्हणून. मी चार दिवस त्याच्यापासून लपून राहिले. पाचव्या दिवशी त्यानेच हाक मारली, "सुने, चहा घ्याय ये की." गेले. त्याने चहा दिला, रेडिओ लावला. घड्याळ दादामामांनी मोठ्या खोलीत टीव्हीच्या वर लावलं. अजून तिथेच आहे.

कार्यक्रम लागला तेव्हा दसरा जवळ आला होता. वाडीत वीज जाईल म्हणून दादामामांनी ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणून ठेवली होती. खोलीत पाय ठेवायला जागा नाही. मामा उंबऱ्याजवळच, त्याच्या नेहमीच्या जागी. टीव्हीवर तो आला तेव्हा एकदम बारका दिसला, पांढरा सदरा, केस चापून बसवलेले. पहिले प्रश्न त्याने पटापट सोडवले, सूटवाला सुद्धा चकित झाला. म्हणाला, तुम्ही शिकलात कुठं? मामा म्हणाला, "रेडिओवर." खोलीत एवढा हशा झाला की पुढचा प्रश्न ऐकूच आला नाही. मग सीनेचा प्रश्न. मामाने पर्याय वाचले आणि लगेच म्हणाला, मला फोन करायचाय, माझ्या भाचीला, सुनीताला. पडद्यावर खाली अक्षरं आली, सुनीता, भाची. मग दादामामांचा आवाज, आणि त्यांचा फोटो नव्हता म्हणून पडद्यावर नुसतं फोनचं चित्र. खोलीतली माणसं हसून लोळायला लागली. जेवलास का, पाऊस हाय का, पाटील आलेत. तिकडे स्टुडिओतले लोकही हसत होते. घड्याळाचा काटा फिरत होता. मी खाली मान घालून बसले होते, तरी मला मामाचा चेहरा दिसला. तो हसत नव्हता.

फोन तुटल्यावर सूटवाला म्हणाला, "वेळ तर संपली. तुम्हाला स्वतःला काय वाटतं?" मामाने क्षणभर खाली बघितलं. मग म्हणाला, "दादा म्हणत्यात तर गोदावरी." सूटवाल्याने पुन्हा विचारलं, "खात्री आहे? तुम्ही खेळ सोडूनही जाऊ शकता, जिंकलेलं तुमचंच राहील." मामा म्हणाला, "दादा थोरले हायत. त्यांनी सांगितलं म्हणजे झालं." आणि काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू. उत्तर चूक निघायच्या आधीच टाळ्या. नंतर भीमा दिसलं, लोक हळहळले, सूटवाल्याने मामाला मिठी मारली आणि म्हणाला, असं भावाचं प्रेम आजकाल बघायला मिळत नाही. आमच्या खोलीतल्या बाया डोळे पुसत होत्या. भीमा या उत्तराबद्दल कोणी एक शब्द काढला नाही. दादामामा तेवढे म्हणाले, "ते लोक मुद्दाम कोड्यात घालत्यात." मी उंबऱ्याकडे बघितलं तर मामा उठून मेंढरांकडे गेला होता.

पुढची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती सांगताना मला जास्त चिडायला होतं. दादामामांचा आवाज सगळ्या तालुक्याने ऐकला. बाजारात लोक त्यांना थांबवून "जेवलात का सरपंच?" म्हणून विचारायचे आणि तेही हसायचे. पंचायत समितीला ते उभे राहिले, प्रचाराच्या गाडीवर त्यांचा आणि मामाचा गळ्यात गळा घातलेला फोटो होता, खाली राम-लक्ष्मणाची जोडी असं लिहिलेलं. निवडून आले. दिवाळीनंतर शिंप्याने गाळा दुसऱ्याला दिला. फोटो लावलेल्या त्याच गाडीच्या शेजारून बिरूमामा लंगडत कळप घेऊन गेला, आष्टीच्या बाजूला. तो पुढे सतरा-अठरा वर्षं जात राहिला. खुबा पार गेला. शेवटी शेवटी तो एका हाताने काठी आणि एका हाताने एडक्याचं शिंग धरून चालायचा. आणि घरात कोणी कधी म्हणालं नाही की हे त्या फोनमुळे झालं. मीही नाही.

मला शाळेत शिकवायची नोकरी लागली आणि मी बीडला राहायला आले. एकदा कळलं की मामाचा कळप लिंबागणेशच्या बाजूला एका शेतात बसलाय. खतासाठी शेतकरी मेंढरं शेतात बसवून घेतात, बदल्यात धान्य देतात. रविवारी मी डबा घेऊन गेले. मामा बाजेवर बसून खुब्याला तेल चोळत होता. तेलाने काही होणार नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. ते बघून माझ्या तोंडून निघून गेलं, "मामा, त्या दिवशी मी फोन ओढून घ्यायला पाहिजे होता. मला भीमा येत होतं."

तो म्हणाला, "मला ठाव हाय तुला येत हुतं. मीच सांगितलंय तुला. सीनेच्या काठानं दर साली उतरतोय मी, ती भीमेला जितं मिळती तितं पाय धुतल्यात मी."

इतकी वर्षं माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं की ज्याने मला सांगितलं त्याला ते माहीत असणारच. एवढी साधी गोष्ट. मी विचारलं, "मग फोन कशाला केलास?"

"तुजं नाव यावं म्हणून. दादा म्हणत हुते, पोरीला धाव्वीनंतर काय करायचंय. म्हणलं, ही टीव्हीवर बोलली, बरूबर सांगितलं, तर समद्या गावाच्या तोंडाला कुलूप बसंल. उत्तर तर ठावंच हाय, काय जातंय आपलं?"

"आणि दादामामांनी गोदावरी सांगितल्यावर? तेव्हा तरी भीमा म्हणायचं होतंस!"

"आता कसं म्हणू?" तो मला समजावल्यासारखा म्हणाला. "दादा निवडनुकीला उभे राहनार. समद्या म्हाराष्ट्रासमोर सांगितलं त्यांनी. मी भीमा म्हणलं आसतं तर धाकट्या भावानंच थोरल्याला येडं ठरिवलं आसतं. लोक हसले आसते त्यांना."

"लोक हसलेच की, मामा!"

"हसले. पर येडं न्हाई म्हणले."

मी त्याच्यावर ओरडले. गाळा गेला, पाय गेला, सगळं गेलं आणि तू असा शांत बसून सांगतोस. मी डबा तिथेच आपटून निघाले, मग पुन्हा फिरले, कारण त्याला उठून डबा घेता येत नव्हता. त्याने माझ्या हाताला धरून एकच सांगितलं, "दादाला सांगू नको. त्येंला लई लागंल." मी शब्द दिला. द्यायला नको होता. वर्गात महाराष्ट्रातल्या नद्यांचा धडा आला की मी पोरांना म्हणते, घरी वाचून या, आणि पुढच्या धड्याला लागते.

मामा गेला त्याला आता वर्ष होऊन गेलं. वर्षश्राद्धाला सगळे जमले होते. दादामामांची ऐंशी उलटली, कानाने कमी ऐकू येतं, पण ती चित्रफीत त्यांना बरोबर ऐकू येते. दुपारी जेवणं झाली, वाडीतली माणसं ओसरीवर पान खात बसली, आणि दादामामांच्या नातसुनेने, पूजाने, मोबाइल लावला. मी उठले. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. मागून दादामामांचं ठरलेलं बोलणं ऐकू आलं, "त्येला उत्तर ठावं नव्हतं, पर थोरल्याचा शब्द मोडला न्हाई माज्या बिरूनं." ते भरल्या गळ्याने बोलत होते, खोटं नव्हतं त्यात काही. आणि माझ्याच्याने राहवलं नाही. मी दारातूनच म्हणाले, "दादामामा, त्याला उत्तर माहीत होतं."

त्यांना ऐकू गेलं नाही. मी जवळ जाऊन मोठ्याने सांगितलं. सगळं सांगितलं. सीनेचं, निवडणुकीचं, गाळ्याचं, पायाचं, लिंबागणेशच्या शेतातलं. पूजाने मोबाइल बंद केला. दिलेला शब्द मोडल्याचं मला त्या वेळी काहीच वाटत नव्हतं, उलट हलकं वाटत होतं. इतक्या वर्षांनी या घरात कोणीतरी खरं बोललं, आणि ती मी होते.

दादामामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांनी पुसलं नाही. मग म्हणाले, "त्येला ठावं हुतं?"

"हो."

"आन तुला?"

"मलाही."

"तू कुठं बसलतीस तवा?"

"तुमच्या शेजारी."

"फोन चालू हुता. त्येनं तुजं नाव घेतलं हुतं." ते सावकाश, एक एक शब्द जुळवल्यासारखे बोलत होते. "तू वरडली आसतीस तर मुंबईपातुर ऐकू गेलं आसतं. मी थोरला हुतो, पर समद्यांदेखत मी काय तुला मारनार नव्हतो. मग तू कावून न्हाई बोललीस?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते खरंच विचारत होते. सगळे माझ्याकडे बघत होते. मी रोज साठ पोरांसमोर बोलणारी बाई. मी तोंड उघडलं, आणि त्या ओसरीवर, सगळ्यांच्या देखत, मला एक शब्दही बोलता आला नाही.